भरतीच्या वेळी फ्लेमिंगो कुठे जातात?

ओहोटीला ठाणे खाडीचं पाणी मागे सरतं आणि दूरवर नुसता गाळ उघडा पडतो. हिवाळ्यापासून पाऊस तोंडावर येईपर्यंत त्या गाळावर हजारो फ्लेमिंगो चरत असतात. चरण्याची रीतही न्यारी: डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवायची. जीभ भराभर मागेपुढे होते, पाणी आत येतं, बाहेर जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत सूक्ष्म शेवाळ अडकून राहतं. पिसांचा गुलाबी रंगही अशाच खाद्यातून येतो.

हे शेवाळ इथे इतकं माजतं, त्यात शहराच्या सांडपाण्याचा मोठा हात आहे. म्हणून सांडपाण्याचे गोडवे गाऊ नयेत. त्याच खाडीत कारखान्यांची रसायनंही येत आली आहेत आणि त्याची किंमत कोळ्यांनी मोजली आहे.

2015 साली खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाली. दोन्ही निर्णय मोलाचे. पण फ्लेमिंगोचा दिवस त्या हद्दीत मावत नाही. भरती चढली की गाळ बुडतो, उभं राहायला जागा उरत नाही. मग थवेच्या थवे उठतात आणि नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर जाऊन बसतात: डीपीएस शाळेजवळचं डीपीएस तळं, एनआरआय निवासी संकुलालगतचं, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळचं. पाणी उतरेपर्यंत मुक्काम तिथेच. एका पायावर उभं राहून, मान पाठीवर टाकून झोपायचं.

ही तळी अभयारण्याबाहेरची. इमारतींच्या मागे पडलेली आणि बांधकामाची नजर असलेली. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तळं आटलं आणि फ्लेमिंगो दगावले. आसपासच्या रहिवाशांनी आणि पर्यावरणप्रेमींनी प्रकरण लावून धरलं, म्हणून ते तळं वाचलं. पुढे ते संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णयही झाला.

माझ्या मते शहरातल्या निसर्गरक्षणाचं खरं काम इथे आहे. अभयारण्य राखायचं तर त्याला जोडलेली तळीही राखली पाहिजेत, कारण पक्ष्यांसाठी ती एकच जागा आहे. त्यासाठी लागतं ते साधंच: भरतीचं पाणी आत आणणारे नाले आणि मोऱ्या मोकळ्या ठेवणं, कुठे भराव पडतोय का हे पाहणं, आणि विकास आराखड्यात त्या जागेवर 'पाणथळ' अशीच नोंद ठेवणं. शेजारच्या तळ्यांसाठी हे आत्ताच व्हायला हवं, पक्षी मरायची वाट न बघता.