विश्लेषण : मधमाशीचं घर फोडणारी हिरवी माशी तुरीची शत्रू आहे का?

लातूर : स्विचबोर्डाचं न वापरलेलं भोक, जुन्या कुलपाची फट, बंद पडलेल्या पाइपचं तोंड. यातलं काही ना काही मातीने बुजलेलं घरोघरी दिसतं आणि आपण ते पेचकसने उकरून टाकतो (मीही टाकलं आहे). आत निघतो परागांचा पिवळा गोळा आणि एक अंडं. हे घर असतं ‘मेगाकायली’ गटातल्या एकट्या राहणाऱ्या मधमाशीचं.

हिला ना पोळं, ना राणी, ना कामकरी. एकटी मादी बोगद्यात एकापुढे एक कप्पे करते, प्रत्येकात मध-परागांचा शिधा आणि एक अंडं ठेवून तोंड बुजवते. काही जाती मातीऐवजी पानांचे तुकडे वापरतात. गुलाबाच्या पानाला कडेने अर्धगोल कातर दिसली, तर बहुधा ती हिचीच.

लातूरला हिच्याशी काय देणंघेणं?

तुरीच्या फुलावर ही बसली की खालच्या पाकळ्या दबतात आणि पराग तिच्या पोटाखालच्या केसांना लागतात. तूर स्वतःच्या परागांवरही शेंग धरते. पण एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात ते असे कीटकच. म्हणून बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या वाणापासून लांब ठेवावा लागतो. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ने विकसित केलेलं ‘आयसीपीएच २६७१’ हे संकरित वाण तर पूर्णपणे यांच्याच भरवशावर आहे. त्याच्या मादी ओळीत पराग तयारच होत नाहीत.

मग घरफोडी कोण करतं?

‘स्टिल्बम सायन्यूरम’ ही हिरवी-निळी चकाकणारी गांधीलमाशी. लांबी दोन सेंटीमीटरपर्यंत. हा रंग रंगद्रव्याचा नाही. कवचाच्या पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो, ओल्या रस्त्यावर सांडलेल्या डिझेलसारखा. कुंभारणीच्या किंवा मेगाकायलीच्या मातीच्या कप्प्यात ती स्वतःचं अंडं सोडते. तिची अळी आतल्या अळीला खाऊन वाढते. घरमालकीण परतली आणि गाठ पडलीच, तर गडी अंगाचा गोळा करतो. कवच जाड आणि पोटाची खालची बाजू खोलगट, त्यामुळे पाय आत दुमडून घेता येतात. नांगीला जागा सापडत नाही.

‘ल्युकोस्पिस’ नावाची दुसरी जात याहून चलाख. अंडी घालण्याची तिची नळी पाठीवर वळवून ठेवलेली असते. बंद घराच्या भिंतीतून ती नळी ड्रिलसारखी आत घालते.

हिला मारावं का?

नाही. यजमान नसेल तिथे ही जगूच शकत नाही. ही दिसली म्हणजे जवळपास कुणीतरी घर बांधतं आहे. मधमाश्यांना मोठा धोका आहे तो फुलोऱ्यात घाटे अळीसाठी भर दुपारी होणाऱ्या फवारणीचा. मेगाकायली दिवसा फुलांवर असते. फवारणी टाळता येत नसेल, तर पंप संध्याकाळी काढावा. आणि स्विचबोर्डातली माती, माशी आतून भोक पाडून निघून जाईपर्यंत तशीच राहू द्यावी.