'ईस्टर एग' म्हणजे काय? 'एन्चांटेड'मध्ये लपलेली 'स्नो व्हाइट'

जालना एमआयडीसीतल्या सळईवर कंपनीचं नाव असतं, पण स्लॅब पडला की ते कायमचं झाकलं जातं. सिनेमातलं 'ईस्टर एग' मात्र सापडावं म्हणूनच लपवतात.

2007 चा 'एन्चांटेड' बघा. परीकथेतली जिझेल थेट न्यूयॉर्कमध्ये येऊन पडते. तिला आसरा देणाऱ्या वकिलाच्या फर्मचं नाव आहे 'चर्चिल, हार्लाइन अँड स्मिथ'. हे तिघं 1937 च्या 'स्नो व्हाइट'चे संगीतकार! वकिलाची सेक्रेटरी झालेली जोडी बेन्सन म्हणजे 'द लिटिल मर्मेड'मधल्या एरियलचा आवाज.

हे माहीत नसलं तरी गोष्ट कळतेच. पण सापडलं, तर पडद्यामागची माणसं कळतात. त्यामुळे असं एखादं नाव दिसलं की पॉज करा आणि सर्च करा. स्क्रीनशॉट काळा आला तर घाबरू नका. कॉपी रोखायला बरीच ओटीटी ॲप्स तसं करतात.