झोपेची उधारी चहानं फिटत नाही

पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती. दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्यावर परवानगीनं फार तर दहा. मोटार परिवहन कामगार कायद्यानं हे १९६१ सालीच लिहून ठेवलं. नागपूर-मुंबई फेऱ्या मारणाऱ्या ड्रायव्हरला वाचून दाखवा, तो हसेल.

तरी समजा, नियम तंतोतंत पाळला. अर्ध्या तासात आखडलेली पाठ मोकळी होते, पण झोप हटत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं आणि पेंग वाढते. ते ओसरायला झोपच घ्यावी लागते. चहातलं कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. साठा तसाच राहतो. त्यात शरीराचं घड्याळ. रात्री दोन ते पहाटे पाच-सहापर्यंत ते झोपेकडेच ओढतं. आणि ट्रक पळतात नेमके तेव्हाच, कारण अनेक शहरांत दिवसा त्यांना मज्जाव!

अशा वेळी सरळसोट, मोकळ्या रस्त्यावर डोळा तीन-चार सेकंद लागतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर पुढे जाते. अपघातानंतर रस्त्यावर ब्रेकच्या खुणाही बहुधा सापडत नाहीत. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते. आपल्याकडे चालकाला मुभा आहे ०.०३ टक्क्यांची. दारू पकडायला फुंकायचं यंत्र आहे. जागरण पकडायला नाकाबंदीवर काहीच नाही.

मग करायचं काय? ब्रिटनच्या हॉर्न आणि रेनर यांनी सिम्युलेटरवर गार वारा नि रेडिओ तपासले. फायदा जेमतेम, तोही थोडा वेळ. त्यापेक्षा कॉफी पिऊन लगेच घेतलेली पंधरा मिनिटांची डुलकी कितीतरी सरस ठरली, कारण कॅफिनला अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतातच. उठल्यावर मात्र लगेच स्टिअरिंग धरू नये, डोकं थोडा वेळ जडच असतं. अर्थात हा तात्पुरता उपाय. रात्रभराच्या झोपेची भरपाई त्यानं होत नाही.

युरोपात साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि टॅकोग्राफ त्याची नोंद ठेवतो. आपल्याकडे अनेक ट्रकवर जीपीएस असतं, पण ते गाडी का थांबली हे विचारण्यासाठी. ती किती तास थांबलीच नाही, हेही त्यातच दिसतं. वाहतूकदारांनी निदान तेवढं तरी पाहावं.