चार कॉम्प्युटर, एक मोडेम, एक फोन लाइन: वाटून वापरायचं कसं?



व्हिडिओमध्ये मी जुन्या मोडेमची गोष्ट दोन मिनिटांत उरकली. खरं तर ती नीट सांगायला पाहिजे होती, कारण आज तुम्ही अमरावतीत किंवा अकोल्यात तीन-चार जणांचं छोटं ऑफिस टाकत असाल, तर तुमच्यासमोर तोच प्रश्न येणार आहे. फक्त डबा बदलला आहे.

२००१ सालची गोष्ट. मी अकोल्यात डाळीच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर बसत होतो. ऑफिसात चार कॉम्प्युटर, नेटवर्कने जोडलेले. मोडेम एकच, आणि ०७२४ ची लाइनही एकच. त्याच लाइनवर मुंबईचे भाव यायचे, त्यावरच फॅक्स, त्यावरच इंटरनेट. शेठजी म्हणाले, "दुसरी लाइन कशाले पाहिजे? हेच सगळ्यांनी वाटून घ्या ना!"

वाटून घ्या म्हणणं सोपं आहे हो. पण वाटायचं म्हणजे नेमकं काय, इथेच माणूस फसतो.

इंटरनेटचं वाटप सोपं निघालं. विंडोज ९८ ची सेकंड एडिशन १९९९ मध्ये आली, त्यात कनेक्शन शेअर करायची सोय होती. मोडेम ज्या कॉम्प्युटरला लावला आहे तो मालक. बाकीचे तिघं त्याच्यामार्फत बाहेर जायचे. डायल केलेला कॉल एकच, पण त्यातून जाणारी माहिती छोट्या छोट्या पुड्यांमध्ये जाते, म्हणून चौघांच्या पुड्या एकाच रस्त्याने पाठवता येतात. स्पीड वाटला जायचा, म्हणजे आधीच ५६ के, त्यात चार वाटेकरी! पण काम व्हायचं.

फॅक्सचं तसं नाही. फॅक्स म्हणजे समोरच्या मशीनशी सरळ फोनवर बोलणं. एका वेळी एकच. तो चौघांत तोडून देता येत नाही, त्याला रांगच लावावी लागते. मोडेमवाल्या कॉम्प्युटरवर फॅक्सचं सॉफ्टवेअर टाकायचं, बाकीच्यांनी आपलं पान तिथे पाठवायचं, आणि ते एकामागून एक निघणार. प्रिंटरची रांग असते ना, अगदी तशी. समोरचा नंबर बिझी लागला तर सॉफ्टवेअर थोड्या वेळाने परत लावतं, तुम्ही चहा प्या.

तिसरा प्रकार होता थेट डायल करून समोरच्या कॉम्प्युटरशी जोडून घेण्याचा. यात रांगही चालत नाही. ज्याने मोडेम धरला, त्याचं काम संपेपर्यंत तो त्याचाच. म्हणजे कुलूप.

तर राजेहो, एक वाटून वापरायची वस्तू, एक रांगेत वापरायची, आणि एक कुलपाची. आम्ही तिन्ही एकाच लाइनवर चढवल्या, आणि मार खाल्ला.

झालं असं की मुंबईच्या एका जुन्या पार्टीची ऑर्डर फॅक्सने यायची होती. सकाळी अकरापासून ते लावत होते आणि आमची लाइन एंगेज. एक वाजता त्यांनी माल दुसरीकडून घेतला. शेठजींनी सगळ्यांना उभं केलं: "नेटवर कोण बसलं होतं?" कोणीच नाही! अकाउंटवाला शपथा घेत होता. त्या महिन्याचं टेलिफोन बिलही भलतंच आलं होतं.

मी संध्याकाळभर मोडेमसमोर बसलो. कोणी हात लावला नाही आणि त्याने आपोआप डायल केलं, ती किर्र-कुईं सुरू झाली. कारण काय, तर शेअरिंग चालू केलं की कुठल्याही कॉम्प्युटरने इंटरनेट मागितलं की मोडेम स्वतःहून फोन लावतो. आणि अकाउंटवाल्याचा मेलचा प्रोग्राम दर थोड्या मिनिटांनी नवीन मेल आहे का ते बघायला जात होता. पोरगा खरंच बोलत होता. लाइन तो नव्हता धरत, त्याचं सेटिंग धरत होतं.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. आपोआप मेल तपासणं बंद, मेल फक्त सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला. काम नसेल तर कॉल आपोआप तुटेल असं सेटिंग. आणि बाजाराच्या वेळेत, अकरा ते एक, लाइन फक्त येणाऱ्यासाठी मोकळी. जाणारे फॅक्स शक्यतो रात्री, कारण रात्री एसटीडीचा दर कमी असायचा.

(इंटरकॉमवाल्या ऑफिसांची वेगळीच गंमत. बाहेर जायला आधी शून्य लागायचं, आणि मोडेम माणसासारखा थांबत नाही. नंबरमध्ये शून्यानंतर स्वल्पविराम टाकला की तो दोन-एक सेकंद थांबून मग ०२२ फिरवायचा. एका स्वल्पविरामासाठी इंजिनीअर बोलावून पैसे दिलेली माणसं मी पाहिली आहेत.)

पण येणाऱ्या फॅक्सचा प्रश्न उरलाच. लाइन एकच, म्हणून तो कोणासाठी आहे हे मशीनला कळायचं कारण नाही. सगळे मोडेमवाल्या कॉम्प्युटरवर साचायचे. शेवटी एकाला काम दिलं: तासाला एकदा उघडायचं, वाचायचं, ज्याचं त्याला द्यायचं. सॉफ्टवेअरने नाही सुटलं, माणसाने सुटलं.

आता तुमच्याकडे या. तुमचं वाय-फाय म्हणजे वाटून वापरायची वस्तू, बिनधास्त वाटा. प्रिंटर रांगेचा. टेंडर भरायचं डिजिटल सहीचं टोकन कुलपाचं: एका वेळी एकाच कॉम्प्युटरला, आणि ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात. ते शेवटच्या दिवशी नागपूरला गेलेल्या पार्टनरच्या बॅगेत असलं, तर तुम्ही बडनेऱ्याच्या गोडाऊनमधून काहीही करू शकत नाही. म्हणून मुदतीच्या आधी दोन दिवस टोकन कुठे आहे ते विचारा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचा धंद्याचा नंबर? मुख्य फोनशिवाय आणखी चार ठिकाणी तो जोडता येतो. मात्र मुख्य फोन चौदा दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला की जोडलेली ठिकाणं सुटतात, तेव्हा जुना हँडसेट ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. आता मजा बघा: गिऱ्हाइकाचा मेसेज चौघांनाही दिसतो. चौघंही समजतात की दुसऱ्याने उत्तर दिलं असेल. नाहीतर दोघं दोन भाव सांगतात! आमच्या साचलेल्या फॅक्सचाच हा भाऊ. लेबल लावा, आणि दिवसाचा एक माणूस ठरवा जो प्रत्येक मेसेज कोणाचा हे सांगेल.

आज एक काम करा. गर्दीच्या वेळी दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपल्याच दुकानाचा नंबर लावा, तीन वेळा, वीस-वीस मिनिटांनी. किती वेळा बिझी लागला आणि किती वेळा कोणी उचललाच नाही, ते वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत टॅलीचं सिल्व्हर घ्यायचं की गोल्ड, हे याच हिशोबाने पाहू, तेव्हा ती वही जवळ ठेवा.