ठिणगीने नव्हे, दिव्याने तपासा!

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील हजारो घरांची चूल चाकांवर चालते. बल्लारपूर, घुग्घुस, राजुऱ्याकडचा कोळसा, गडचांदूरचे सिमेंट, सुरजागडचे लोहखनिज, उन्हाळ्यातला तेंदूपत्ता, धानाच्या हंगामातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ताडोब्याच्या वेशीवर उभ्या असलेल्या जिप्सी गाड्या, या सर्वांवर कुणी ड्रायव्हर म्हणून, कुणी क्लीनर म्हणून, तर कुणी गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली राबतो. आपल्या घरातली मुलेही त्यांत आहेत. म्हणूनच आज या पानावर एका लहानशा हत्याराबद्दल लिहायचे आहे. ते हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. किंमत थोडी, काम मोठे. गाडीच्या वायरिंगमध्ये करंट कुठपर्यंत येतो आणि कुठे अडतो, हे तो दिवा पेटून सांगतो.

पण रस्त्याकडेच्या कामात अजूनही काय दिसते? गाडीचा मागचा दिवा बंद पडला की वायर सोलायची आणि तिचे टोक चॅसीवर घासायचे. ठिणगी उडाली तर करंट आहे, नाही उडाली तर नाही. जुना मिस्त्री असे करतो, म्हणून त्याच्या हाताखालचा पोरगाही तेच शिकतो. ही सवय मोडली पाहिजे. का, ते आधी समजून घेऊ.

शॉक बसत नाही, पण चटका बसतो

जीप, जिप्सी, कार, ट्रॅक्टर यांची बॅटरी १२ व्होल्टची असते. मोठे ट्रक आणि बस यांत १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. त्या मानाने हे काहीच नाही, कोरड्या हाताला याचा शॉक जाणवत नाही. इथेच माणूस फसतो. दाब कमी असला तरी बॅटरीतून एका क्षणात शेकडो अँपिअर करंट निघू शकतो. इंजिनाला सेल्फ मारताना तोच करंट कामी येतो. तो मोकळा सुटला तर वायर लाल होते, तिचे प्लॅस्टिक पेटते. बोटातली अंगठी किंवा हातातले कडे बॅटरीचा प्लस आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये सापडले, तर ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तापते आणि मांसापर्यंत भाजते.

दुसरा धोका दिसत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीने पेट घेतो. अशा वेळी बॅटरी फुटते आणि आतले तेजाब तोंडावर, डोळ्यांत उडते. म्हणून बॅटरीजवळ ठिणगी नको आणि बिडीही नको.

हे हत्यार असते कसे?

स्क्रू-ड्रायव्हरसारखी मूठ, तिच्या आत छोटा बल्ब, पुढे टोकदार सुई आणि मागून निघालेली वायर, तिच्या टोकाला दात असलेला चिमटा. बस, एवढेच. चिमटा गाडीच्या बॉडीला लावायचा आणि सुई तपासायच्या जागी टेकवायची. तिथे करंट असेल तर बल्ब पेटतो. ठिणगी आणि दिवा यांतला फरक इथे आहे. वायर बॉडीवर घासली की करंटला अडवणारे काही राहत नाही. लॅम्पमध्ये मात्र बल्बच करंटला आवर घालतो. १२ व्होल्टवर ५ वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट घेतो. तेवढ्याने वायर तापत नाही.

विकत घेताना एक पाहा. ट्रकवर काम करायचे असेल तर लॅम्प २४ व्होल्टला चालणारा हवा. १२ व्होल्टचा बल्ब २४ वर लावला की लगेच उडतो. मग करंट असूनही तुम्ही ‘करंट नाही’ असे समजून नको ती वायर उकलत बसाल. उलट २४ व्होल्टचा लॅम्प १२ वर मंद का होईना, पेटतो.

तपासायचे कसे?

पावसाळ्यातले उदाहरण घेऊ. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर रात्री ट्रकचे मागचे लाल दिवे गेले. दोन्ही बाजूंनी रान, रस्त्यावर उजेड नाही. मागून येणाऱ्याला उभा ट्रक दिसणारच नाही. अशा वेळी आधी गाडी कडेला घ्या, चाकाला दगड लावा, मागे लांबवर त्रिकोण ठेवा. इंजिन बंद करा. मग हत्यार काढा.

पहिली पायरी: लॅम्पचीच परीक्षा. चिमटा बॅटरीच्या मायनसला लावा, सुई प्लसला टेकवा. पेटला तर लॅम्प ठीक. ही पायरी कधीही चुकवू नका. उडालेल्या बल्बचा लॅम्प खोटी साक्ष देतो.

दुसरी पायरी: फ्यूज. दिव्यांचे बटन चालू करा. चिमटा बॉडीच्या रंग नसलेल्या, गंज नसलेल्या जागी घट्ट लावा. फ्यूजच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने सुई टेकवा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला पेटला तर फ्यूज गेला. कुठेच पेटला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही, मागे बटनाकडे आणि बॅटरीकडे शोधा.

तिसरी पायरी: दिव्याचा होल्डर. बल्ब काढा. चिमटा जवळच्या चॅसीवर लावा आणि सुई होल्डरच्या करंटच्या टोकाला टेकवा. पेटला तर करंट इथपर्यंत येतो आहे. आता बल्बची तार पाहा. ती शाबूत असेल तर दोष अर्थिंगचा.

चौथी पायरी: अर्थिंग. चिमटा होल्डरच्या करंटच्या टोकाला लावा आणि सुई होल्डरच्या अर्थला. पेटला नाही, पण तीच सुई चॅसीच्या स्वच्छ लोखंडाला टेकवल्यावर पेटला, तर अर्थची वायर तुटलेली किंवा गंजलेली आहे. आपल्या भागातल्या चिखल-पावसात मागच्या दिव्यांचा हा नेहमीचा आजार. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, असे दिसले तर आधी अर्थच पाहा. कारण करंटला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा

अशा वेळी कुणी तांब्याची तार बसवतो, कुणी सिगारेटच्या पाकिटाची चांदी. हा आगीला दिलेला निमंत्रणाचा कागद समजा. फ्यूज हा गाडीचा पहारेकरी आहे. पातीच्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो. लालच्या जागी हिरवा बसवला तर फ्यूज टिकेल, पण वायर जळेल.

त्याऐवजी असे करा. उडालेला फ्यूज काढा. त्या फ्यूजवर चालणारे दिवे वगैरे बंद करा किंवा त्यांचे बल्ब काढा. आता चिमटा फ्यूजच्या एका खाचेला आणि सुई दुसऱ्या खाचेला लावा. लॅम्प लखलखीत पेटला तर पुढे कुठेतरी वायर बॉडीला लागली आहे. मग एकेक जोड सुटा करत जा. ज्या जोडानंतर लॅम्प विझेल, त्याच फाट्यावर दोष. एकही ठिणगी न उडवता शॉर्ट सापडतो.

लॅम्प कुठे फसवतो?

लॅम्प पेटला म्हणजे सर्व ठीक, असे मात्र नाही. गंजलेल्या जोडातून लॅम्पपुरता थोडा करंट जातो, पण ५५-६० वॅटच्या हेडलाइटला १२ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर लागतात, ते जात नाहीत. लॅम्प पेटतो आणि हेडलाइट मात्र मंद! अशा वेळी मीटर लागतो. हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या मायनसपासून दिव्याच्या अर्थपर्यंतचा दाब मोजा. तिथे फार तर ०.२ व्होल्ट यावा. जास्त आला तर जोड घासून साफ करा. बॅटरीही मीटरनेच कळते. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास.

आणखी एक. सुई टोकदार आहे म्हणून वायरच्या कातडीत खुपसत सुटू नका. त्या छिद्रातून पावसाचे पाणी शिरते, आतले तांबे हिरवे पडते आणि चार-सहा महिन्यांनी तिथेच वायर तुटते. जोडाच्या मागच्या बाजूने धातूला सुई टेकवा. छिद्र करावेच लागले तर त्यावर नीट टेप गुंडाळा.

इथे हात लावू नका

१. एअरबॅग: तिच्या वायरी व जोड बहुधा पिवळे असतात. तिथे लॅम्प लावला तर बॅग तोंडावर फुटू शकते.

२. कॉम्प्युटर आणि सेन्सर: एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ च्या आहेत. त्यांच्या कंट्रोल युनिटच्या बारीक वायरींना बल्बचा लॅम्प सोसत नाही. तिथे मीटरच वापरा, आणि माहीत नसेल तर थांबा.

३. विजेवर चालणाऱ्या गाड्या: नारिंगी वायरीत शेकडो व्होल्ट असतात. तिथला शॉक जीव घेतो.

४. घरातला प्लग: गाडीचा लॅम्प २३० व्होल्टला कधीही लावू नका. त्याचा चिमटा आणि बल्ब त्यासाठी नाहीत. घरातील लहान मुलांच्या हाती तो पडू देऊ नका. तसेच घरच्या लाइनचा टेस्टर १२ किंवा २४ व्होल्टवर पेटत नाही. तो गाडीला लावून ‘करंट नाही’ असे म्हणणे चूक.

कायम लक्षात ठेवा

कामाआधी अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी मायनस सोडवा आणि जोडताना मायनस शेवटी जोडा. कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला, तरी मायनस सुटा असेल तर शॉर्ट होत नाही. इंजिन चालू ठेवून तपासावे लागले तर लॅम्पची वायर पंखा आणि पट्ट्यापासून दूर धरा. डिझेल-पेट्रोल गळत असेल तर आधी ते बंद करा. तेजाब डोळ्यांत गेले तर चोळू नका, भरपूर पाण्याने डोळे धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

आईवडिलांनाही एक सांगणे आहे. मुलगा गॅरेजमध्ये जात असेल तर त्याला विचारा, तुझा मिस्त्री करंट कशाने तपासतो? मुलगा दहावी झाला असेल तर आयटीआयमधील मोटर मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडची चौकशी करा. हाताला सवय गॅरेजमध्ये लागते, पण असे का करायचे हे शिकल्याने कळते. दोन्ही जमले तर तो दुसऱ्याच्या हाताखाली जन्मभर राहणार नाही.

आणि ड्रायव्हर बंधूंनो, सीटखाली पाना-पकड ठेवता, त्यातच एक टेस्ट लॅम्प, दोन जास्तीचे बल्ब आणि योग्य रंगाचे चार फ्यूज ठेवा. रानातल्या रस्त्यावर मागचा लाल दिवा पेटता राहिला, तर तुमच्या आणि मागून येणाऱ्याच्याही घरी वाट पाहणाऱ्यांच्या जिवाला घोर राहणार नाही.