बंपरचा ओरखडा आणि विम्याचा हिशेब

गाडी लावताना बंपर भिंतीला घासला की आपले काही व्यापारी बांधव तडक विम्याचा क्लेम करतात. आधी बंपर धुऊन ओरखड्यावर नख फिरवावे, आपण कापडाचा पोत पाहतो तसे. नख अडकले नाही तर रबिंग कंपाउंडने काम बहुधा भागते. अडकले तर रंग लागेल. प्लास्टिकचा प्रायमर मारणार का, हे पेंटरला जरूर विचारा, नाहीतर पापुद्रे निघतात.

आता क्लेम. साध्या पॉलिसीत नव्या बंपरची निम्मीच किंमत मिळते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर १००० रुपये पदरचे. शिवाय स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवरील, पाच वर्षांत ५० टक्क्यांवर पोचणारा नो क्लेम बोनस सहसा शून्यावर येतो. दोन-तीन हजारांच्या कामासाठी हा सौदा तोट्याचाच! दुसऱ्याच्या गाडीला धक्का लागला असेल, तर मात्र कंपनीला ताबडतोब कळवावे.