कॅरीबॅगमधला केसपेपर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाचा पेशंट पुढे पाठवला, की वैनगंगा ओलांडून गडचिरोली किंवा उलट दिशेला चंद्रपूर. सोबत जातो तो कॅरीबॅगमध्ये घडी घातलेला केसपेपर. पावसात शाई पसरली तर औषधाचं नाव गेलंच.

यावरचा सरकारी उपाय म्हणजे ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक. तो देणारं आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर लागू झालं. क्रमांक 14 आकडी, छापतात 2-4-4-4 असा तोडून. तो ऐच्छिक आहे. रेकॉर्ड दिल्लीत एका ठिकाणी साठत नाही. ते त्या-त्या दवाखान्यातच राहतं आणि पेशंटच्या संमतीने दुसरीकडे दिसतं. दवाखान्याच्या खिडकीवरचा क्यूआर मोबाइलने स्कॅन केला की ओपीडीचं टोकन मिळतं. मोबाइल घरात एकच आणि तो मुलाकडे पुण्यात, ही अडचण मात्र सॉफ्टवेअरला कळत नाही.

नोंदींचं बळ या भागाला नवं नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या आरोग्यदूतांनी 39 गावांत नवजात बाळांची तपासणी घरोघरी जाऊन छापील फॉर्मवर उतरवली. ‘सर्च’चे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा शोधनिबंध 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तेव्हा साधन होतं कागद-पेनच.